सासूबाईंनी विचारलं म्हणून डॉक्टरांनी सांगायचं का?

ताई, लग्नाआधी तुम्ही नैराश्यासाठी गोळ्या घेत होतात, हे फॅमिली डॉक्टरांनी सासूबाईंना परस्पर सांगितलं आणि वर 'घरचीच माणसं आहेत' म्हणाले. असं चालतं का, हा तुमचा प्रश्न. नाही चालत. अजिबात नाही.

मी बावीस वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काढली. एकदा एक गृहस्थ खिडकीशी आले, हातात पेढ्यांचा पुडा. "मुलीचं आमच्याकडे ठरलंय, तिची जुनी फाइल जरा बघू द्या." फाइल माझ्या पाठीमागच्याच रॅकवर होती. अशा वेळी फाइल आहे की नाही, हेसुद्धा सांगायचं नसतं. पुडा परत केला, मुलीची लेखी संमती आणा म्हटलं. चिडले, पण पुन्हा फिरकले नाहीत. नातं म्हणजे परवानगी, असं आपल्याकडे डॉक्टरही धरून चालतात याचा मला फार त्रास होतो.

ॲलोपॅथी डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत अपवाद मोजकेच आहेत: न्यायाधीशांचा आदेश, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि क्षयासारखे कळवावेच लागणारे आजार. तेही आरोग्य खात्याला, शेजारीपाजारी नव्हे. तुमच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ जास्त कामाचं. ते फक्त मानसोपचारतज्ज्ञांपुरतं नाही, उपचार करणाऱ्या सगळ्यांना बांधून ठेवतं. उपचारांसाठी दुसऱ्या डॉक्टरांना सांगता येतं. कुणाला इजा होण्याची भीती असेल तर ती टाळण्यापुरतंच. सासूबाईंची काळजी खरी असेलही, पण ती यात बसत नाही.

एक काम मात्र लगेच करा. हाच कायदा तुम्हाला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी, म्हणजे डॉक्टर ज्याला तुमच्या उपचारांची माहिती देऊ शकतात असा माणूस, नेमू देतो. बहीण, मैत्रीण, ज्यांच्यावर विश्वास आहे ते कुणीही सज्ञान माणूस, फक्त त्यांचीही लेखी संमती लागते. कुणालाच नेमलं नाही तर ती जागा नातेवाइकांकडे जाऊ शकते.

तक्रार करायची तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी. पण आधी दवाखान्याच्या पाटीवरची पदवी बघा. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. ॲलोपॅथीवाल्यांकडे स्वतःची कागदपत्रं मागितलीत तर ती त्यांनी ७२ तासांत द्यायची असतात. अर्जाची पोच घ्या. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: 'रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय माहिती कोणालाही देऊ नये.' खाली तारीख, त्यांची सही, आणि मोबाइलवर फोटो.