बूस्टवरून हॉर्सपॉवर काढताना

मित्रा, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवल्यावर बूस्टवरून, म्हणजे त्याने दिलेल्या जादा दाबावरून, ताकद काढायची असेल तर ‘एक पीएसआयला (दाबाचं एकक) इतकी हॉर्सपॉवर’ हे सूत्र आधी विसर. हिशेब गुणोत्तराचा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब 14.7 पीएसआय. त्यावर 7 चा बूस्ट दिलास तर 21.7 भागिले 14.7, म्हणजे 1.48. पहिल्या पिढीच्या 1.6 लिटर माझदा मियाटाची 116 हॉर्सपॉवर या हिशेबाने 171 होते. कागदावर!

खरी गोम उष्णतेत आहे. 30 अंशांची हवा 70 टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून साधारण 80 अंशांवर बाहेर पडते. गरम हवा विरळ, त्यामुळे घनतेतली वाढ 48 नव्हे, जेमतेम 27 टक्के उरते. म्हणजे 147 च्या आसपास. इंटरकूलरने (ही गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग) हवा 45 वर आणलीस तर 163 पर्यंत जाशील, तेही इंटरकूलरमधून जाताना दाब थोडा घटतो हे सोडून. म्हणून मी पहिला पैसा इंटरकूलरवरच घालतो.

गाडी मुळातच टर्बो असेल तर? 8 वरून 12 पीएसआय म्हणजे दीडपट नव्हे, 26.7 भागिले 22.7, फक्त 18 टक्के. इथे नवखे हमखास फसतात.

आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन आपोआप, अवेळी भडकणं) आलं की इग्निशन मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते, तिथे आकडा आणखी घसरतो. शेवटी गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवच.