२० फूट खोल गॅरेजमध्ये १८ फुटी बोट ट्रेलरसकट बसेल का? दोघांनी ढकलून आत घेता येते का?

सरळ लावलीत तर बसणार नाही. ब्रोशरमध्ये १८ फूट लिहिलेले असतात ते नुसत्या बोटीचे. पुढे ट्रेलरची गाडीला जोडायची दांडी आणि मागे लटकलेलं इंजिन त्यात धरत नाहीत. माझी १७ फुटी ॲल्युमिनियमची फिशिंग बोट दांडीच्या टोकापासून प्रोपेलरपर्यंत २१ फूट भरते, तीही इंजिन खाली सोडल्यावर. इंजिन वर उचललेलं असलं की आणखी मागे येतं. हिवाळ्यात ते तसंही खाली सोडून उभंच ठेवायचं असतं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. राहिलं तर गोठून कव्हर फोडतं.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटात, मिनियापोलिसजवळ मेपल ग्रोव्हला राहतो. गॅरेज तुमच्याएवढंच, दोन गाड्यांचं, दार १६ फुटी. पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये सीझन संपवून बोट घरी आणली तेव्हा साडू शिकागोहून आले होते. मी रिव्हर्स घेत होतो आणि ट्रेलर दोनदा गाडीला काटकोनात आला. लहान ट्रेलर फार चटकन वळतो, स्टिअरिंग जरा जास्त फिरलं की संपलं. तिसऱ्यांदा जमलं असतं. पण साडू काचेवर टकटक करून म्हणाले, "सोडा हो ते. हूक काढा, दोघं ढकलू. आमच्या देवगडात होड्या माणसंच वर ओढतात."

मी हूक काढला. इथपर्यंत चूक माझी, मान्य.

बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन हजार किलोच्या आसपास. आमच्या ड्राइव्हवेला दहा फुटांना एक फूट चढ आहे. म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा, शंभर किलो, सतत खाली ओढत असतो. दोघांनी तेवढं रेटता येतं, आम्ही रेटलंही. पण ड्राइव्हवे संपून गॅरेजची फरशी सुरू होते तिथे इंचभराचा उंबरा असतो. ट्रेलरची चाकं त्याला टेकली आणि थांबली. "एक, दोन, तीन" करून जोर लावला, चाकं जराशी चढली आणि परत खाली आली.

दांडीखाली जॅकचं जे छोटं चाक असतं ते फिरतं असतं. ट्रेलर उलटा सरकू लागला की ते गर्रकन आडवं होतं. ते झालं, आणि जॅक पिळवटून खाली बसला. साडू बाजूला उडी मारून मोकळे झाले होते. मी हँडल धरून होतो, तो गुडघ्यांवर आलो. मिनेसोटात बोट तलावातून काढली की बुडाचा प्लग काढूनच रस्त्याला लागायचं असा कायदा आहे, तो पितळी प्लग माझ्या खिशात होता. मांडीत असा रुतला की आठवडाभर निळा गोल होता. दांडी डांबरात घुसली आणि फरफटत थांबली. तोच काय तो ब्रेक. नाहीतर बोट थेट समोरच्यांच्या लॉनवर गेली असती.

तेव्हापासून प्रत्येक गणपतीला फोनवर आणि प्रत्येक लग्नात समोरासमोर साडू एकच सांगतात: "यांनी हात सोडला." बायकोही हसते. आता मी मोजलंय ते सांगतो. चाकं उंबऱ्याला टेकलेली असताना जॅक दारापासून १३ फुटांवर येतो. डांबरातला ओरखडा १३ फूट ४ इंचांवर सुरू होतो. मी हात सोडला असता तर ट्रेलर दोन-चार फूट गडगडला असता आणि मग जॅक मोडला असता. जॅक जागच्या जागीच मोडला. विषय संपला. आणि देवगडात खाली वाळू असते. वाळूवर ओढणं थांबवलं की होडीही थांबते. तिला चाकं नसतात.

तर ढकलायची ती आतल्या सपाट फरशीवर. चाकं उंबरा ओलांडेपर्यंत गाडीनेच रिव्हर्स घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि मगच हूक काढा. त्यानंतर ठोकळे सरकवत डॉलीवर, म्हणजे दांडीखाली घ्यायच्या छोट्या हातगाडीवर, दांडी फिरवून बोट तिरकी करता येते. तोंड निमुळतं असल्याने २० फुटांत बसते, पण मग गॅरेज तिचंच. आमच्या दोन्ही गाड्या बाहेर असतात आणि जानेवारीत रोज सकाळी काच खरवडायला मी असतो, कारण बोट माझी. अजून घेतली नसेल तर बिजागरीची दांडी असलेला ट्रेलर बघा. पिन काढली की दांडी बाजूला वळते आणि दोनेक फूट वाचतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

दाराची उंचीही बघा. बहुतेक दारं ७ फुटी असतात आणि बोटीची काच ट्रेलरवर चढली की त्याच्या आसपास जाते. जॅक वर-खाली करून दोन-तीन इंच इकडचे तिकडे होतात. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर पेट्रोल भरलेली बोट तिथे ठेवण्यापूर्वी नीट विचार करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि हीटरची ज्योतही खालीच असते. आमचा हीटर बेसमेंटमध्ये आहे, म्हणून मला हे सुचायला उशीर.

गेल्या उन्हाळ्यात ड्राइव्हवेला सीलकोट, म्हणजे डांबरावरचा काळा लेप, मारायला माणूस आला होता. ओरखडा बुजवू का विचारलं, मी नको म्हटलं. त्या ऑक्टोबरनंतर साडू दोनदा येऊन गेलेत. दोन्ही वेळा डिसेंबरात, ड्राइव्हवेवर वीतभर बर्फ असताना.