शब्दशंका : पासपोर्टातला ‘लेट’ आणि खरेदीखतातलं ‘विटनेसेथ’

प्रश्न : भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने जो इंग्रजी मजकूर असतो, त्यात ‘विदाऊट लेट ऑर हिंडरन्स’ असे शब्द आहेत. ‘लेट’ म्हणजे जाऊ देणे. मग ‘जाऊ न देता’ असा उलटा अर्थ नाही का होत?

हा ‘लेट’ वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. ‘लॅटन’ म्हणजे होऊ देणे आणि ‘लेटन’ म्हणजे अडवणे. झिजत झिजत दोन्ही एकाच रूपावर येऊन थांबली. पहिलं रोजच्या बोलण्यात राहिलं, दुसरं एखाददुसऱ्या कोपऱ्यात उरलं. पासपोर्ट हा त्यातला एक कोपरा, टेनिस दुसरा. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडला की ‘लेट’ पुकारतात आणि सर्व्हिस पुन्हा होते. हा ‘नेट’चा अपभ्रंश असावा असं अनेकांना वाटतं, कोशकार मात्र त्याला अडथळ्याच्या ‘लेट’शीच जोडतात. पासपोर्टाच्या बाबतीत तर कोशही उघडायला नको. तिथल्याच हिंदी मजकुरात ‘बिना रोक-टोक’ असं छापलेलं आहे.

प्रश्न : आजोबांच्या 1930च्या दशकातल्या इंग्रजी पत्रांत तारखेपुढे ‘अल्ट.’, ‘इन्स्ट.’ असं येतं. याचा अर्थ काय?

‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना, ‘प्रॉक्झिमो’ म्हणजे पुढचा. पत्रावर 4 मार्च असेल आणि आत ‘तुमचं 27 अल्ट.चं पत्र’ असेल, तर ते 27 फेब्रुवारीचं. महिना मोजायचा तो पत्राच्या माथ्यावरच्या तारखेपासून, पाकिटावरच्या शिक्क्यावरून नव्हे. पत्र महिनाअखेरीस लिहून पुढच्या महिन्यात टाकलं असेल तर हिशेब चुकतो. पत्रं तारीखवार लावताना जानेवारीतली जपून पाहा. त्यांतला ‘अल्ट.’ डिसेंबरचा, म्हणजे मागच्या वर्षाचा असतो.

प्रश्न : इंग्रजी प्रार्थनांत देवाला ‘दाऊ’ म्हणतात. हे ‘आपण’सारखं फार आदरार्थी रूप आहे ना?

उलट आहे. ‘दाऊ’ म्हणजे सरळ ‘तू’. आपण विठोबाला ‘अहो’ म्हणत नाही, तसंच हे. प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजीत ‘दाय नेम’ आहे आणि मराठीतही ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ असंच आहे.

मूळचा भेद वचनाचा होता : एकाला ‘दाऊ’, अनेकांना ‘यी’. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या वळणावर वरिष्ठांना, ते एकटे असले तरी, अनेकवचन लावायची रीत पडली आणि ‘दाऊ’ घरच्यांसाठी, नोकरांसाठी व भांडणासाठी राहिलं. 1603मध्ये इंग्लंडचे दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर कोर्टात ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर’ असं सुनावलं. इथं पहिला ‘दाऊ’ चक्क क्रियापद आहे. इंग्रजीतून हे समजवायला ओळभर टीप लागते. मराठीत ‘मी तुला अरे-तुरेच करणार, द्रोह्या!’ म्हटलं की काम झालं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र जुनाच वचनभेद पाळलेला आहे. तिथं राजा असो की गुलाम, एकटा असला की ‘दाऊ’च.

रूपं अशी : कर्ता ‘दाऊ’, कर्म ‘दी’, ‘तुझा’साठी ‘दाय’ आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाइन’. क्रियापदाला ‘एस्ट’ लागतो : ‘दाऊ नोएस्ट’. ‘एथ’ हा प्रत्यय तृतीयपुरुषी एकवचनाचा : ‘ही गोएथ’. जुनेपणाचा आव आणून ‘आय गोएथ’ लिहिणं म्हणजे ‘मी जाईन’च्या जागी ‘मी जाईल’ म्हणण्यापैकी.

प्रश्न : खरेदीखतात ‘विटनेसेथ’ आणि ‘मेसुएज’ असे शब्द आहेत. साक्षीदारांविषयी काही आहे का?

नाही. वरचाच ‘एथ’ इथं आहे : ‘दिस डीड विटनेसेथ’ म्हणजे ‘हा दस्त साक्ष देतो की’. साक्षीदारांच्या सह्या शेवटी, त्यांचा याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘मेस्विज’ : राहतं घर, लगतच्या उपइमारती, अंगण आणि परसू मिळून एक मिळकत. नुसतं ‘घर’ असं भाषांतर केलं तर परसू बाहेर राहतो. शेजारचं ‘हेरेडिटामेंट्स’ म्हणजे वारशाने जाऊ शकणारी कोणतीही मालमत्ता. ही लांबलचक यादी पाहून बिचकू नका. आपल्या खरेदीखतातलं ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ त्याच जातीचं आहे.

जुन्या दस्ताच्या माथ्यावर ‘इंडेंचर’ असेल तर त्यात लॅटिनमधला दात लपला आहे, डेंटिस्टमध्ये आहे तोच. एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून मधून नागमोडी कापायच्या आणि प्रत्येक पक्षाला एकेक द्यायची. वाद झाला की तुकडे जोडून दाते जुळतात का ते बघायचं. खोटी प्रत तिथंच उघडी पडे.

प्रश्न : कोशात काही शब्दांपुढे ‘आर्केइक’ तर काहींपुढे ‘ऑब्सोलीट’ असतं. फरक काय?

पहिला म्हणजे जुनाट, पण कायद्यात, प्रार्थनेत, कवितेत अधूनमधून भेटणारा. दुसरा मेलेला. मेरियम-वेब्स्टरच्या कोशात 1755नंतर वापराचा पुरावा नसेल तर ‘ऑब्सोलीट’ म्हणतात. सॅम्युएल जॉन्सनचा गाजलेला इंग्रजी कोश त्या वर्षी निघाला, म्हणून ती सीमा. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात अशा शब्दापुढे कट्यारीची खूण असते. त्या कोशात अर्थ जुन्यापासून नव्याकडे लावलेले असतात, त्यामुळे पहिलाच अर्थ उचलून आजच्या वाक्यात बसवला की फजिती ठरलेली. ‘नाइस’चा पहिला अर्थ तिथं ‘मूर्ख’ असा आहे.