जे झालं तेच लिहायचं

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. कापसाच्या वेचणीवरून येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली पलटी झाली, बत्तीस वर्षांची बाई गेली, मागं नवरा, दोन लेकरं, सासू. अन् आता तो एजंट म्हणून राहिला की बाई ट्रॉलीत नव्हतीच असं लिहू, कडेनं पायी चालली होती, ट्रॅक्टरनं उडवलं, म्हणजे विमा कंपनी पैसे देते. तू विचारलं, सर, यात कोणाचं वाईट होते?

प्रश्न खरा आहे, म्हणून टाळत नाही. पायी चालणारा माणूस थर्ड पार्टी, म्हणजे गाडीबाहेरचा तिसरा, तो पॉलिसीत बसतो. ट्रॉलीतला मजूर आला की कंपनी सांगते ट्रॅक्टरला सीट एकच, पॉलिसी शेतीकामाची, माणसं वाहायला परवानगी नव्हती. आपल्याकडं अख्खी वेचणी ट्रॉलीवर चालते, सकाळी सहाला बायांना वावरात न्यायला दुसरं आहे काय बाप्पा, अन् नेमक्या त्याच बाया पॉलिसीच्या बाहेर. मला हे कधीच पटलं नाही, कोर्टात भांडलो त्यावर. कधी ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या दाव्यांचं कोर्ट, म्हणते कंपनीनं आधी भरावे अन् मालकाकडून वसूल करावे, कधी कंपनी साफ सुटते. तरी पण जे झालं तेच लिहायचं.

तू म्हणशील सर तत्त्व सांगून राहिले. ठीक आहे, आधी व्यवहार बघ. त्या ट्रॉलीत आणखी चार बाया होत्या ना? त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा कॅज्युअल्टीत डॉक्टरनं विचारलंच असेल कसं लागलं, अन् त्यांनी सांगितलंच असेल ट्रॉली पलटली. ते एमएलसीत, म्हणजे दवाखान्याच्या पोलीस केसच्या कागदात आलं. पंचनाम्यात उलटी ट्रॉली आहे, कापसाची गाठोडी आहेत. 2022 च्या नियमांनी पोलिसांना 48 तासांत पहिला रिपोर्ट ट्रिब्युनलकडं अन् कंपनीकडं पाठवावा लागते. म्हणजे तुझी गोष्ट तयार व्हायच्या आधी खरी गोष्ट तिथं पोचून बसली. मग कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर गावात येते, पारावर चहा पिते, कोणतं तरी पोट्टं त्याला सगळं सांगते. अन् त्या चार जखमी बायांचं काय? त्यांचेही क्लेम आहेत. तुझ्या एका खोट्यानं त्या चौघी कोर्टात खोट्या ठरतील, किंवा मेलेलीचं घर खोटं ठरेल. सांग मग कोणाचं वाईट होत नाही.

उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांचा धंदाच झाला होता, एसआयटी म्हणजे खास तपास पथक बसलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2021 मध्ये बार कौन्सिलनं वकिलांच्या सनदी स्थगित केल्या. एजंटाला वकिलीची सनद नसते. तुला आहे.

कामावरच्या अपघातातही हेच. स्लॅबचं सेंट्रिंग कोसळते, मिस्त्री खाली येते, अन् ठेकेदार स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेते, वाटेत समजावते की घरी जिन्यावरून पडलो म्हण, खर्च मी करतो. घरचे त्याला देवमाणूस समजतात. त्या एका वाक्यानं कामावरचा अपघात घरचा होऊन जाते. ठेकेदाराच्या वरच्या मुख्य मालकावर टाकता येणारी जबाबदारी गेली, व्याज गेलं, अन् बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असली तर कामावर मेल्याचे 5 लाख तेही अडकले. वरून स्टॅम्प पेपरवर सही, आमची काही तक्रार नाही. मी लोकांना सांगून थकलो, भरपाईचा हक्क असा सही करून सोडून देता येत नाही अन् मृत्यूची भरपाई कामगार भरपाईच्या आयुक्ताकडं जमा करावी लागते, पाकिटातून दिलेली भरपाई धरत नाहीत. पण स्टॅम्प पेपर फाडता येते, कॅज्युअल्टीत पहिल्या दिवशी लिहिलेलं खोडता येत नाही. म्हणून सांगतो जे झालं तेच, पहिल्या तासात, पहिल्या डॉक्टरसमोर.

आता जे मी कोणाला सांगत नाही ते सांगतो. एक घर आलं होतं माझ्याकडं, माणूस रात्री स्वतःच गाडी घसरून गेला होता. भाऊ म्हणे विमा असलेली एक मोटरसायकल धडकली असं दाखवून देऊ, ड्रायव्हर तयार आहे. मी नाही म्हटलं. ते दुसऱ्याकडं गेले अन् त्यांना पैसे मिळाले. हो, मिळाले. ती बाई आजही बाजारात दिसली तर मान फिरवते. माझ्या घरीही तेव्हा म्हणत होते काहून इतका ताठा. मला वाईट वाटते, तिचं लेकरू तेव्हा अंगावर पीत होतं. पण ज्या पोरानं थोड्या पैशासाठी ड्रायव्हर म्हणून नाव दिलं तो पोलीस भरतीची तयारी करत होता, त्याच्या नावावर माणूस मारल्याचा गुन्हा लागला, चारित्र्य पडताळणीत अडकला, आता दुसऱ्याच्या वावरात सालदार आहे. त्याचा हिशोब कोणी केला? मी तेव्हा नाही म्हटलं ते बरोबर होतं, आजही बरोबर आहे, अन् कोणी मला तत्त्ववाला म्हणून हसलं तरी हसू दे.

आणि तू इतक्या लवकर खोट्याकडं काहून गेली, खऱ्यात काय काय आहे ते तरी पाह्यलं का? रागावलो नाही, पण तुम्ही पोरं पॉलिसी वाचता अन् सातबारा वाचत नाही. तिच्या नवऱ्याच्या नावावर दोन एकर आहे म्हणाली ना, मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत 2 लाख बसतात, घरातल्या एका माणसालाही लागू आहे, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज महिनाभरात गेला पाहिजे. तिचं पासबुक मागव, मे-जूनमध्ये 20 रुपये कटले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, आणखी 2 लाख. घरच्यांना माहीतही नसते.

मुख्य क्लेम ट्रॅक्टर मालक, ड्रायव्हर अन् कंपनी तिघांवर टाक, ट्रॉलीत होती असंच लिहून. सहा महिन्यांच्या आत टाक, मुदतीच्या वादात पडू नको. वेचणीची मजुरी अन् घरचं काम दोन्ही धर, घरकामाची किंमत धरावी लागते हे सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलं आहे. समज महिन्याचे 10,000 मान्य झाले, वर 40 टक्के भविष्यातली वाढ, चार जण अवलंबून म्हणून एक चतुर्थांश वजा, बत्तीस वयाला 16 चा गुणक, म्हणजे 16 वर्षांची कमाई, झाले 20 लाख 16 हजार. हे खऱ्या कागदावर.

कंपनी सुटली तर? मालकाचं ओलिताचं वावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 खाली ट्रिब्युनलचं सर्टिफिकेट कलेक्टरकडं गेलं की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हे लोकांना माहीत नाही, मालकाला मात्र त्याचा वकील सांगेल, म्हणून तो वावर पोराच्या नावावर करून टाकायच्या आत जप्तीचा अर्ज टाक. सोमवारी तलाठ्याकडं जा अन् त्याच्या सगळ्या गटांचे सातबारे काढून आण, मी मंगळवारी कोर्टात आहे.