घरीच कोरियन शिकतोय, हाताने वही लिहावी की ॲप पुरे?

लिहाच, निदान लिपी हातात बसेपर्यंत. हंगुल या कोरियन लिपीत मूळ व्यंजनं 14 आणि स्वर 10, पण ते ओळीनं न मांडता एकेका चौकोनात रचतात. ‘हान’ लिहिताना ह डावीकडे, आ उजवीकडे आणि न दोघांच्या खाली. म्हणून रेघी वही नको, गणिताची चौकटीची घ्या. इंदूरच्या खजुरी बाजारात सहज मिळेल. देवनागरीत उच्चार लिहायची सवय लवकर मोडा, नाहीतर डोळा तिकडेच पळतो. शब्दांच्या नुसत्या याद्या माझ्या मते वाया. पूर्ण वाक्य लिहा, प्रत्यय लाल पेननं. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, नामाला प्रत्ययही चिकटतात, तेव्हा अर्थ इंग्रजीत कशाला? मराठीतच लिहा. सजावटीच्या रंगीत टेपा वगैरे हौस नंतर.