वाचकांचे प्रश्न: कुपी रिकामीच आलीय का?

प्रश्न: एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट सर्केडियन ऱ्हिदमवर (शरीराच्या दिवस-रात्रीच्या घड्याळावर) आहे. सरांनी या घड्याळाशी संबंधित प्रोटीन, रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) ह्युमन प्रोकिनेटिसिन-२ मागवलं, १० मायक्रोग्रॅमची कुपी आलीय पण आत काहीच दिसत नाहीये. सिनिअर म्हणतो पाणी घालून व्हॉर्टेक्स कर (यंत्रावर जोरात घुसळ). आणि हिस-टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) बरंच स्वस्त मिळतंय, पुढच्या वेळी तेच घेऊ का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: अगं, रिकामी नाहीये. १० मायक्रोग्रॅम डोळ्याला दिसतच नाही, फ्रीझ-ड्राय केलेली पावडर काचेला नाहीतर झाकणाला चिकटून बसलेली असते, म्हणून उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजला एकदा फिरव आणि मगच झाकण काढ. व्हॉर्टेक्स अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडतं. डेटाशीटवर सांगितलंय तेच बफर घाल, हलक्या हाताने हलव, थोडा वेळ ठेव, आणि त्याच दिवशी छोटे छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करून डीप फ्रीझरला टाक. एकच ट्यूब रोज वितळवायची आणि परत गोठवायची हा प्रकार बहुतेक लॅबमध्ये चालतो आणि मग रिझल्ट येत नाही म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

आता टॅगचं, खरी गोम तिथेच आहे. हे प्रोटीन जेमतेम ८१ अमिनो आम्लांचं, पण सगळी जादू पहिल्या सहात आहे: अ‍ॅलनिन, व्हॅलिन, आयसोल्युसिन, थ्रिओनिन, ग्लायसिन, अ‍ॅलनिन. त्यांच्या आधी एक मेथिओनिन (आणखी एक अमिनो आम्ल) जरी जास्तीचं चिकटलं किंवा पहिलं अ‍ॅलनिन गळालं तरी रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं याला ओळखणारं प्रोटीन, ओळख दाखवत नाही. आणि ई. कोलाय, म्हणजे ज्या बॅक्टेरियात असं प्रोटीन बनवतात तो, तर प्रत्येक प्रोटीनची सुरुवात मेथिओनिननेच करतो! त्यामुळे ते मेथिओनिन नीट निघालंय का, टॅग असेल तर कुठल्या टोकाला आहे, हे कंपनीला विचारायचंच. सुरुवातीच्या टोकाला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस. शिवाय आत दहा सिस्टिन (गंधकवाली अमिनो आम्लं) आहेत, त्यांचे पाच डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध बरोबर जोड्यांमध्ये जुळावे लागतात, बॅक्टेरियात ते बहुतेकदा गुठळी होऊन बसतं आणि मग उलगडून परत घडी घालावी लागते. जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून बघतात त्यावर) एकच सुबक बँड दिसली म्हणजे घडी बरोबर पडली असं नाही. रिसेप्टर असलेल्या पेशींवर टाकून कॅल्शियम वाढतं का ते बघ, तीच खरी परीक्षा.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. उंदरांवर काम असेल तर एंडोटॉक्सिनचा आकडा आधी बघ. ई. कोलायच्या भिंतीतलं हे विष थोडं जरी राहिलं तरी प्राण्याला ताप येतो, तो मलूल होऊन पडून राहतो, पिंजऱ्यातल्या चाकावर पळत नाही. आणि तुला मोजायचंय तेही पळणंच! म्हणजे घाणीचा परिणाम घड्याळाच्या खात्यावर जमा. कंट्रोल म्हणून तेच प्रोटीन, तेच बफर, पण उकळून मारलेलं असं ठेव. एंडोटॉक्सिन उकळून सहजासहजी जात नाही, त्यामुळे मेलेल्या प्रोटीननेही उंदीर मलूल झाला तर काय समजायचं ते समज.

प्रश्न: माझी कायम नाइट शिफ्ट. हे प्रोटीन टोचून दिवसा झोप लागेल का हो? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही दादा, आणि कुणी विकत असेल तर त्याला दारात उभं करू नका. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं ते खरंच तसंच असतं. तुम्ही बहुतेक २००२ सालच्या कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या प्रयोगाबद्दल ऐकलं असेल. मेंदूतल्या मुख्य घड्याळात, म्हणजे एससीएनमध्ये, हे प्रोटीन दिवसा भरपूर बनतं आणि रात्री जवळजवळ नाहीच, आणि घड्याळाचा निरोप मेंदूच्या बाकी भागांना पोचवतं. उंदीर रात्री जागे असतात, तर त्यांना रात्री बाहेरून हे दिलं आणि त्यांचं चाकावर पळणं कमी झालं. पण दिलं कुठे, तर थेट मेंदूच्या पोकळीत, दंडात नाही. आणि कमी पळणं म्हणजे झोप असंही नाही. शिवाय याचे रिसेप्टर अंगभर पसरलेत, २००१ मध्ये तर याला प्रोकिनेटिसिन हे नाव पडलं तेच याने आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात म्हणून, आणि वेदनेच्या नसाही याने जास्त हळव्या होतात. झोपेऐवजी पोटात कळ आणि अंगात ठणका मिळायचा. दिवसा खोली गडद अंधारी करा आणि घरी येताना उन्हात गॉगल लावा, हे निदान फुकट आहे.

प्रश्न: बेडकाच्या कातडीत पण हेच असतं म्हणे, खरं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: हेच नाही, पण सख्ख्या भावकीतलं. युरोपातल्या पिवळ्या पोटाच्या बेडकाच्या कातडीतून १९९९ मध्ये काढलेलं बीव्ही८, आणि आफ्रिकेतल्या ब्लॅक माम्बाच्या विषातलं एक प्रोटीन, दोघांचीही सुरुवात त्याच सहा अमिनो आम्लांनी होते.