‘लोभ असावा’ : रिपू कोणाचा आणि कसला?

प्रश्न असा : लग्नपत्रिकेच्या शेवटी ‘लोभ असावा’ छापायचं की ‘लोभ असू द्यावा’? शिवाय मुलीचे काका म्हणतात, लोभ हा षड्रिपूंतला, मंगलकार्यात नको, ‘स्नेह असावा’ लिहा.

हे काका मला दर लग्नसराईत भेटतात. वेगवेगळ्या घरांत, पण वाक्य तेच. काम-क्रोध-लोभाची यादी पाठ आहे म्हणून शब्द कळला असं होत नाही. पेशवाईतली पत्रं उघडा. मजकूर संपला की ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’. ती लिहिणारी मंडळी गीता वाचत नव्हती काय? सोळाव्या अध्यायात लोभाला नरकाचं दार म्हटलंय हे ठाऊक असूनच ते समोरच्याकडे लोभ मागत होते.

कारण मराठीत निवाडा शब्दाला पुढे काय जोडलं जातं ते करतं. पैशाचा लोभ, खुर्चीचा लोभ : इथे हव्या असलेल्या वस्तूला ‘चा’ लागला, रिपू झाला. ‘आजोबांचा धाकट्या नातवावर भारी लोभ’ : इथे नातवापुढे ‘वर’ आला आणि त्याच शब्दाची माया झाली. माया तरी काय वेगळी? वेदान्तात भ्रम, सरकारी नोकरीत ‘बरीच माया जमवली’, आणि लेकरावर असली की आईची माया. माझं तर ठाम मत आहे की शास्त्रांनी बदनाम केलेले शब्द मराठी घरांनी माणसांवर खर्च करून सोडवून आणले. ‘लोभस’ बाळाला कोणी हावरट म्हणतं का?

आता खरी गंमत. ‘लोभ’चा संस्कृत धातू लुभ्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो दोनदा येतो : एकदा ‘गार्ध्ये’, म्हणजे हाव, आणि एकदा ‘विमोहने’, म्हणजे भुरळ. आपले दोन्ही अर्थ तिथेच शेजारी बसलेत. आणि याच घराण्यात इंग्रजीतलं लव्ह, जर्मन लीबे, रशियन ल्युबोव, लॅटिन लिबिडो. हाव, वासना, प्रेम अशी सगळी भावंडं एका मुळाची. माणसाला हवंसं वाटणं मुळात एकच, नावं पुढे वेगळी पडली. इथे लगेच ‘म्हणजे लव्ह संस्कृतातूनच गेला ना?’ म्हणणारे अभिमानी उठतात. नाही हो. भावंडं म्हटलं, मुलगा-बाप नाही म्हटलं. दोन्ही शब्द त्याहून जुन्या भाषेतून आपापल्या वाटेने आले. आणि लोभाची व्युत्पत्ती ‘लाभ’पासून लावणाऱ्या पंडितांनी आधी लभ् आणि लुभ् यांतला उकार बघावा. लभ् म्हणजे मिळणं, लुभ् म्हणजे हवं असणं. या दोहोंतला फरक कर्ज काढून लग्न करणाऱ्याला तरी कळायला हवा.

हां, पत्रिका. ‘असावा’ लिहा नाहीतर ‘असू द्यावा’, दोन्ही शुद्ध. ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ हे मला त्याहून आवडतं, पण छपाईला जागा लागते.

राहिला काकांचा सोवळा ‘स्नेह’. स्नेह म्हणजे मुळात चिकटपणा, तेलतूप. वैद्य पंचकर्माआधी ‘स्नेहन’ करतात ते हेच. आयुर्वेदात स्नेह चार : तूप, तेल, वसा म्हणजे चरबी, आणि मज्जा म्हणजे हाडांतला मगज. यांपैकी कोणता असावा, तेवढं काकांना विचारून पत्रिकेत स्पष्ट छापा.